सीनियरला नेमकं काय विचारायचं? माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीतून मोठ्या टेक कंपनीपर्यंत

"नमस्कार मॅडम, मी तुमच्याच कॉलेजचा. तुमच्या कंपनीत जागा असेल तर प्लीज रेफर करा. रेझ्युमे जोडला आहे."

असे तीन-चार निरोप मला आठवड्याला येतात. मी एका मोठ्या टेक कंपनीत काम करते आणि प्रोफाइलवर कॉलेजचं नाव आहे, त्यामुळे ते येणारच. बहुतेकांना माझ्याकडून उत्तर जात नाही. त्यात राग काही नसतो. कोणती जागा, कुठल्या शहरातली, या मुलाने आजवर काय केलंय, यातलं एक अक्षर निरोपात नसतं. म्हणजे रेझ्युमे मी उघडायचा, शेकडो जागांमधून याला शोभेलशी मी शोधायची, आणि मग ज्याला कधी पाहिलेलं नाही त्याच्याबद्दल फॉर्ममध्ये चार ओळी लिहायच्या. अर्ध्या तासाचं काम. ते "रविवारी बघू" म्हणून बाजूला पडतं आणि तो रविवार काही उजाडत नाही.

हा निरोप माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. नोकरी शोधत होते तेव्हा मीही तोच पाठवत होते, चाळीसेक जणांना, वरचं नाव तेवढं बदलून. त्यातले दोघे एकाच टीममध्ये बसतात हे मला कुठून माहीत असणार! एकाचं उत्तर आलं: "तुझा निरोप आम्हा दोघांनाही मिळाला. माझ्या निरोपात मात्र नाव त्याचं आहे." आणि पुढे एक हसरा चेहरा. तो चेहरा वाक्यापेक्षा जास्त लागला.

त्यानंतर मी पद्धत बदलली. खाली जे लिहिते आहे त्यात ती बदललेली पद्धत आहे, आणि आता पलीकडच्या बाजूला बसून जे दिसतं तेही आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: माजी विद्यार्थ्याकडे मागायला जावं अशी सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे आतली माहिती. रेफरल, म्हणजे कर्मचाऱ्याने तुमचं नाव कंपनीला सुचवणं, तिच्या मागोमाग येतो, आणि नाही आला तरी माहितीचा उपयोग होतोच.

रेफरल दिल्यावर आत काय होतं

रेफरल म्हटलं की मराठी कानाला वशिला ऐकू येतो. वशिल्यात वरचा माणूस फोन करतो आणि काम होतं. इथे तसं काही होत नाही. कर्मचारी कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर तुमचं नाव, ईमेल, रेझ्युमे आणि जागेचा क्रमांक भरतो. फॉर्म त्याला विचारतो: यांना कसं ओळखता, किती दिवसांपासून, एकत्र काम केलंय का, का सुचवताय? मग बहुतेक ठिकाणी तुम्हाला एक लिंक येते आणि अर्ज तुमचा तुम्हीच भरायचा असतो. त्या अर्जावर "कर्मचाऱ्याने सुचवलेला" अशी खूण लागते, म्हणून रिक्रूटरच्या, म्हणजे भरतीचं काम पाहणाऱ्याच्या, नजरेखालून तो जाण्याची शक्यता वाढते. पुढच्या सगळ्या फेऱ्या इतरांसारख्याच.

मात्र या खुणेचं वजन कंपनीगणिक बदलतं, आणि हा फरक फार कमी जण लक्षात घेतात. गूगलमध्ये इंजिनियर घ्यायचा की नाही हे मुलाखत घेणारे एकटे ठरवत नाहीत. त्यांचे लेखी अभिप्राय एका भरती समितीपुढे जातात आणि टीम कोणती हे बऱ्याचदा वेगळं ठरतं. तिथल्या सीनियरने कितीही मनावर घेतलं तरी त्याच्या हातात फारसं नसतं. अमेझॉनमध्ये मुलाखतीच्या फेरीत "बार रेझर" नावाचा एक जण मुद्दाम त्या टीमच्या बाहेरचा बसवलेला असतो. जागा लवकर भरायची म्हणून टीमने पातळी खाली आणू नये, हे पाहणं त्याचं काम. ॲपलमध्ये याउलट, भरती बरीचशी त्या त्या टीमच्या हातात असते. तिथे त्याच टीममधला माजी विद्यार्थी मॅनेजरला नुसतं "हिचा प्रोजेक्ट बघा जरा" म्हणाला तरी त्याचा परिणाम होतो.

म्हणजे कष्ट कुठे घालायचे हे यावरून ठरवा. समिती निर्णय घेते तिथे सीनियरकडून तयारीची दिशा आणि प्रक्रियेचे टप्पे समजून घ्या. कोणत्याही विभागातला माणूस चालेल. टीम निर्णय घेते तिथे थोडं जास्त शोधा आणि नेमक्या त्या टीममधला, निदान शेजारच्या टीममधला माणूस गाठा.

आणि भीड वाटत असेल तर हेही माहीत असू द्या: सुचवलेला माणूस रुजू झाला तर सुचवणाऱ्याला बोनस देण्याची पद्धत अनेक कंपन्यांत आहे. तुम्ही दारात पदर पसरून उभे नाही आहात. फक्त त्याच्याही शब्दाची किंमत असते. जो येईल त्याला रेफर करणाऱ्याच्या शब्दाला काही दिवसांनी कोणी विचारत नाही, म्हणून शहाणा माणूस आधी दोन गोष्टी विचारून घेतो. त्या विचारल्या म्हणजे तो भाव खातोय असं समजू नका.

दूरची ओळख जवळची का ठरते

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निष्कर्ष मांडला, तो आजही नोकरीच्या गप्पांत कुठे ना कुठे निघतो. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याने ही खबर दिली त्याची-तुमची गाठ किती वेळा पडायची? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असं सांगणारे होते १६.७ टक्के. अधूनमधून, असं सांगणारे ५५.६ टक्के. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी, असं सांगणारे २७.८ टक्के. नमुना लहान होता, पण कारण पटण्यासारखं आहे. सख्ख्या मित्राला जे कळतं ते तुम्हालाही कळलेलं असतं, कारण तुम्ही दोघं एकाच कट्ट्यावर बसता. दूरचा माणूस वेगळ्या कट्ट्यावरचं घेऊन येतो.

२०२२ मध्ये याचीच मोठी परीक्षा झाली. लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांच्या ५ वर्षांच्या माहितीवरचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. "यांना तुम्ही ओळखत असाल" म्हणून दिसणाऱ्या सूचना वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या प्रकारे दाखवून पुढे कोण कुठे नोकरीला लागलं ते पाहिलं गेलं. नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडली ती मध्यम दूरची ओळख: अगदी परकी नाही आणि घरोब्याचीही नाही. डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत तर दूरच्या ओळखीचा फायदा जास्तच दिसला.

आपल्या कॉलेजचा, आपल्या विभागाचा, चार वर्षं पुढचा सीनियर नेमका या पट्ट्यात बसतो. तुम्ही त्याला ओळखत नाही, पण तेच सर, तीच लॅब, तोच न सुटणारा पेपर दोघांच्याही वाट्याला आलेला असतो. त्या एका धाग्यावर पहिला निरोप वाचला जातो. दुसरा वाचला जाईल की नाही, ते तुम्ही पहिल्यात काय लिहिलं त्यावर ठरतं.

यादी करा, पण छोटी

लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा वेगळा विभाग असतो. तिथे कंपनी, शहर, कामाचं स्वरूप, शिकलेला विषय आणि शिकण्याची वर्षं अशा चाळण्या लावता येतात. आधी विषय आणि कामाचं स्वरूप लावा, कंपनी सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर नामांकित कंपन्यांतली शंभर नावं समोर येतात आणि त्यातली नव्वद तुमच्या कामाची नसतात. याखेरीज कॉलेजच्या माजी विद्यार्थी कार्यालयाची सूची, विभागातल्या जुन्या प्रोजेक्टच्या याद्या आणि प्राध्यापक. प्राध्यापकांना लोक विसरतात. "सर, माझ्यासारखंच काम केलेलं आधीच्या बॅचमधलं कोणी आहे का?" एवढं विचारलं की त्यांना तीन नावं हमखास आठवतात, आणि सरांच्या नावाने गेलेला मेल उघडला जातो.

कोणाला आधी गाठायचं? माझं मत: दोन ते पाच वर्षं पुढचे. त्यांच्या मुलाखती ताज्या असतात, आपण काय चुकलो ते आठवत असतं, आणि निरोपांचा पूर अजून आलेला नसतो. मोठ्या पदावरच्या माणसाला गाठण्यात रुबाब वाटतो खरा, पण नवख्यांची भरती सध्या कशी चालते हे त्याला बऱ्याचदा माहीतच नसतं. दुसरा गट म्हणजे तुम्हाला हवी ती कंपनी सोडून गेलेले. ते रेफर करू शकत नाहीत, म्हणून कोणी त्यांच्याकडे फिरकत नाही. पण कोणती टीम चांगली, कुठे माणसं टिकत नाहीत, हे त्यांच्याइतकं मोकळेपणाने दुसरं कोणी सांगत नाही. मला सगळ्यात उपयोगी पडलेला फोन अशाच एकीचा होता.

नावं पंधरा-वीसच ठेवा आणि एका एक्सेल शीटमध्ये टाका: नाव, टीम, कुठली बॅच, कुठे सापडले, काय वाचलं किंवा पाहिलं त्यांचं, निरोप कधी गेला, काय बोलणं झालं, पुढे काय करायचं. "काय वाचलं" हा रकाना रिकामा असेल तोवर निरोप पाठवायचा नाही, हा माझा नियम होता. त्याने वेग मंदावतो. मंदावू दे.

निरोपाआधी आपलं घर आवरा

निरोप वाचल्यावर समोरचा पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तुमच्या नावावर टिचकी मारतो. तिथे "संधीच्या शोधात" याखेरीज काही नसेल तर बोलणं तिथेच संपतं. तुम्ही काय बनवता ते एका ओळीत, एक-दोन प्रोजेक्टचे दुवे, आणि रेझ्युमे एका पानाचा, पीडीएफमध्ये.

रेझ्युमेतल्या ओळीसाठी गूगलचे एकेकाळचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी सांगितलेला साचा सोपा आहे: काय साधलं, ते कशाने मोजलं, आणि त्यासाठी काय केलं. "वेबसाइटवर काम केलं" याऐवजी "एकाच माहितीसाठी वारंवार जाणाऱ्या क्वेरी कॅशमध्ये ठेवून पान उघडायचा वेळ ४ सेकंदांवरून दीडवर आणला." आकडा खरा हवा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

कॉलेजचा ईमेल पत्ता शिक्षण संपल्यावर पुष्कळ ठिकाणी बंद होतो. म्हणून सगळा पत्रव्यवहार पहिल्यापासून स्वतःच्या पत्त्यावरून करा. ऑफरच्या वेळी जुना पत्ता मेलेला असणं ही काही गंमत नाही.

पहिला निरोप

लिंक्डइनच्या फुकट खात्यावर जोडणीच्या विनंतीसोबतची चिठ्ठी फार छोटी लिहावी लागते आणि अशा चिठ्ठ्यांची संख्याही मर्यादित असते. त्यामुळे चिठ्ठीत फक्त दार वाजवायचं:

"नमस्कार, मी आपल्याच विभागात शेवटच्या वर्षाला आहे. तुमचं स्टोरेजवरचं भाषण माझ्या प्रोजेक्टला उपयोगी पडलं. कॉलेजातून थेट अशा टीममध्ये जाण्याबद्दल एक प्रश्न आहे. विचारू का?"

"विचार" असं आलं, किंवा ईमेल पत्ता उघडपणे दिलेला असला, की मोठा निरोप:

"तुमच्या भाषणात एक मशीन बंद पडल्यावर जुनी प्रत वाचली जाण्याचा भाग होता. माझ्या प्रोजेक्टमध्ये तीन मशीनवर डेटाच्या प्रती ठेवताना मी तिथेच अडकले होते. तुम्ही सांगितलेल्या पद्धतीने मार्ग निघाला. कोडचा दुवा खाली देते आहे. मला याच प्रकारच्या कामात जायचं आहे. पण तुमच्या टीममध्ये बहुतेक जण दोन-तीन वर्षं दुसरीकडे काम करून आलेले दिसतात. नवख्यांना थेट घेतात का, की आधी दुसऱ्या टीममधून यावं लागतं? पुढच्या दोन आठवड्यांत पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? मला मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ मोकळी आहे, पण तुमच्या सोयीने कधीही. फोन अवघड असेल तर इथेच दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल."

हा निरोप का चालतो ते पाहा. यातला प्रश्न त्या माणसालाच विचारता येण्यासारखा आहे, आणि साइटवर त्याचं उत्तर सापडत नाही. प्रश्न विचारणारीने आधी स्वतः डोकं चालवलंय: टीममधल्या लोकांच्या प्रोफाइल पाहिल्या आहेत. वेळ मोजून मागितला आहे. आणि शेवटच्या वाक्यात सुटकेची वाट ठेवली आहे, जिच्यामुळे गंमत म्हणजे लोक फोनलाच तयार होतात. नोकरीचा शब्द कुठेही नाही. समोरचा बावळट नसतो. तुम्ही नोकरी शोधताय हे त्याला कळतंच. ते तुम्ही म्हणायची गरज नाही.

मसुदे इथे मराठीत दिले आहेत. पाठवताना ज्या भाषेत तो माणूस कामाचं बोलतो ती वापरा. "आदरणीय सर" वगैरे टाळा. या कंपन्यांत वरिष्ठांनाही पहिल्या नावाने हाक मारतात. फारच अवघडल्यासारखं वाटलं तर पहिल्या निरोपात "सर" म्हणा आणि "सर म्हणू नकोस" असं उत्तर आलं की सोडून द्या. पण एकदा सोडलंत की पुन्हा त्यावर येऊ नका.

आठ-दहा दिवसांत काही आलं नाही तर एक आठवण. "माझा निरोप पाहिलात का?" असं नको, काहीतरी नवीन असू द्या: "तेव्हापासून तो भाग पुन्हा लिहिला, आता दोन मशीन बंद पडली तरी चालतो." त्यालाही उत्तर नाही, तर पुढचं नाव. तिसरा निरोप पाठवू नका.

फोनवरची पंधरा मिनिटं

फोन तुम्ही मागितलाय, तेव्हा सूत्रं तुमच्या हातात हवीत. "तुमच्या प्रवासाबद्दल सांगा" या प्रश्नाने मी स्वतः दोन फोन वाया घालवले. समोरचा सात-आठ मिनिटं आपली कहाणी सांगतो आणि मग त्याची मीटिंग सुरू होते.

माझ्या तिसऱ्या फोनवर, ज्या सीनियरने ती कंपनी सोडली होती तिला मी विचारलं, "मी चार महिने डेटा ॲनालिस्टच्या जागांना अर्ज करते आहे, एकही उत्तर नाही. माझ्या रेझ्युमेत काय खटकतं?" तिने तो स्क्रीनवर उघडला, मिनिटभर गप्प होती, आणि म्हणाली, "रेझ्युमे ठीक आहे गं. तू चुकीच्या पाटीचं दार वाजवते आहेस. तू जे करतेस त्याला तिथे बिझनेस इंटेलिजन्स इंजिनियर म्हणतात." चार महिने मी चुकीचा शब्द शोधत होते. त्या एका वाक्याचं मोल मी नंतर मिळालेल्या कुठल्याही रेफरलपेक्षा जास्त धरते.

हे तेवढ्यापुरतं नाही. सेवा बंद न पडता चालू ठेवण्याच्या एकाच जातीच्या कामाला गूगलमध्ये साइट रिलायबिलिटी इंजिनियर म्हणतात आणि मेटामध्ये प्रॉडक्शन इंजिनियर. पदाच्या पायऱ्यांचंही तसंच: नुकतीच पदवी घेतलेला इंजिनियर गूगलमध्ये एल-३ ला लागतो, मेटामध्ये ई-३ ला, आणि अमेझॉनमध्ये एल-४ ला. एल-४ ऐकून "हे आपल्यापेक्षा वरचं" म्हणून अर्ज न करणारे मी पाहिले आहेत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्यासारख्याला तुमच्याकडे कोणत्या नावाच्या आणि कोणत्या पायरीच्या जागेला अर्ज करावा लागेल?

नंतरचे प्रश्न वेळ पाहून. टीममध्ये सध्या भरती चालू आहे का, आणि नवीन पदं साधारण वर्षाच्या कोणत्या काळात मंजूर होतात? (मायक्रोसॉफ्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, ॲपलचं सप्टेंबरअखेर संपतं, अमेझॉन आणि गूगलचं डिसेंबरअखेर. हे माहीत असेल तर उत्तर नीट कळतं.) तुमच्या मुलाखतीत किती फेऱ्या होत्या आणि तुम्हाला कोणती जड गेली? शेवटच्या वर्षातले सहा महिने पुन्हा मिळाले तर कशावर घालवाल? तुमच्या टीममध्ये नवखा माणूस पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय करतो? या शेवटच्या प्रश्नावर लोक खुलतात, आणि तिथे ऐकलेला तपशील पुढे मुलाखतीत "तुम्हाला इथेच का यायचंय?" याचं उत्तर म्हणून कामी येतो.

विचारू नये ते: मुलाखतीत आलेले नेमके प्रश्न. ते गुप्त ठेवण्याचं त्याने बऱ्याचदा मान्य केलेलं असतं, आणि तुम्ही त्याला अडचणीत टाकता. स्वरूप विचारा, प्रश्न नको. त्याचा स्वतःचा पगारही नको.

चौदाव्या मिनिटाला तुम्हीच म्हणा, "तुमची पंधरा मिनिटं होत आली." बहुतेक जण "अजून दहा मिनिटं आहेत" म्हणतात. नाही म्हणाले तर शेवटचा प्रश्न: "या बाबतीत आणखी कोणाशी बोलावं, आणि तुमचं नाव सांगितलं तर चालेल का?" एका फोनमधून दुसरा असाच निघतो. माझ्या यादीतली शेवटची सात-आठ नावं मी शोधलेलीच नव्हती.

त्याच दिवशी आभाराचा मेल. "खूप मदत झाली" हे सगळेच लिहितात. तुम्ही त्यांच्या सांगण्यावरून काय करणार आहात ते लिहा, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते केल्याचं कळवा. हा दुसरा मेल शंभरात एखादाच जण पाठवत असेल. मला तो येतो तेव्हा मी नाव विसरत नाही.

रेफरल मागायची वेळ

काही जण फोनवर स्वतःच म्हणतात, "जागा दिसली की सांग." नाही म्हणाले तरी बोलणं बरं झालं असेल तर आठवडाभराने विचारायला हरकत नाही. विचारताना त्याचं काम दोन मिनिटांत होईल असं सगळं हातात द्या:

"तुम्ही सुचवल्याप्रमाणे शोध घेतल्यावर खालच्या दोन जागा जुळतात असं वाटतं. क्रमांक आणि दुवे दिले आहेत. रेझ्युमे जोडला आहे. अर्ज याच ईमेलवरून करेन. अजून थेट अर्ज केलेला नाही. फॉर्ममध्ये लिहायला सोपं जावं म्हणून तीन ओळी खाली देते, हव्या तशा बदला. माझं काम सुचवण्याइतकं पाहिलेलं नाही असं वाटत असेल तर मोकळेपणाने नाही म्हणा."

त्या तीन ओळी तिसऱ्या पुरुषात लिहा, त्याने उचलून चिकटवाव्या अशा: काय केलंय, जागेच्या कोणत्या अपेक्षेशी जुळतं, ओळख कशी झाली. ओळख खरी तेवढीच. "प्रोजेक्टमुळे बोलणं झालं, कोड पाहिला आहे" हे पुरेसं असतं. "तीन वर्षं ओळखतो" असं त्याच्या तोंडी घालू नका.

"अजून थेट अर्ज केलेला नाही" या वाक्यावर थांबते. बऱ्याच कंपन्यांत एकदा अर्ज गेला की त्यावर रेफरल नंतर जोडता येत नाही, किंवा जोडला तरी तो धरला जात नाही. घाईने आधी अर्ज करून मग सीनियरला शोधणारे इथे अडकतात. जागा बंद होत आली असेल तर मात्र वाट पाहत बसू नका, अर्ज करून टाका. एका कंपनीत एकाच वेळी दोघांना रेफरल मागू नका. पोर्टलवर ते दिसू शकतं आणि दोघांनाही कळू शकतं. जागाही दोन, फार तर तीन. दहा क्रमांक पाठवणाऱ्याला आपल्याला काय हवंय ते ठाऊक नाही, असाच अर्थ निघतो.

काळाचं भान ठेवा. उत्तर अमेरिकेतल्या उन्हाळी इंटर्नशिपच्या जागा आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच दिसू लागतात. तेव्हा सीनियरची शोधाशोध करायची म्हणजे विहीर खणायला तहान लागेपर्यंत थांबण्यातला प्रकार. फोन त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत व्हायला हवेत, जेव्हा तुम्हाला काही मागायचं नसतं.

रेफरलची लिंक आली की त्याच दिवशी अर्ज भरा. काही ठिकाणी तिला मुदत असते. भरल्यावर त्याला एका ओळीत कळवा. रिक्रूटरचा फोन आला तरी कळवा, नकार आला तरी कळवा. मुलाखत ठरली तर एक शेवटची मदत मागता येते: सरावाची मुलाखत. अमेझॉनची असेल तर त्यांची १६ नेतृत्वतत्त्वं (२०२१ पर्यंत ती १४ होती) समोर ठेवून प्रत्येकाला लागू पडेल असा स्वतःचा प्रसंग तयार करा आणि सीनियरला दोन-तीन ऐकवा. कुठे आपण "आम्ही केलं, आम्ही केलं" म्हणत स्वतःचा भाग सांगतच नाही, हे दुसऱ्याच्या कानाला लगेच कळतं.

उत्तर येत नाही तेव्हा

समोरच्याचे दिवस कसे चाललेत हे तुम्हाला दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० जणांना कमी केलं. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२,०००, मायक्रोसॉफ्टने १०,००० आणि अमेझॉनने १८,००० च्या वर कपात जाहीर केली. त्या दिवसांत आलेल्या "रेफर करा"ला मी काय उत्तर देणार होते? माझीच खुर्ची उद्या असेल का, हे ठाऊक नव्हतं. निरोप पाठवण्याआधी कंपनीची आठवड्याभराची बातमी वाचायला पाच मिनिटं लागतात. कपात झाली असेल तर महिनाभर थांबा. ओळख असलेल्या सीनियरला मात्र तेव्हाच लिहा, आणि फक्त "ठीक आहात ना?" एवढंच.

पैसे घेऊन रेफरल देणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कंपनीला कळलं तर त्याची नोकरी जाऊ शकते आणि तुमच्या नावावरही शिक्का बसू शकतो. शिवाय तुमचं काम न पाहता दिलेल्या त्या चार ओळींना काही वजन नसतं.

माझा स्वतःचा हिशेब, चुकलेली पहिली खेप सोडून: वीस-बावीस निरोप, अर्ध्याहून कमी उत्तरं, सात फोन, तीन रेफरल, दोन मुलाखती, एक ऑफर. एक मुलाखत पहिल्याच फेरीत गेली. तिथे रेफर करणाऱ्याला नकार कळवताना बोटं जड झाली होती. त्याने उलट लिहिलं, "मीही इथे दुसऱ्या प्रयत्नात लागलो. पुन्हा अर्ज करायला किती थांबावं लागेल ते रिक्रूटरला विचारून ठेव." हे मला सुचलंच नसतं.

रुजू झाल्यावर मी शीटमधल्या प्रत्येकाला कळवलं, उत्तर न देणाऱ्यांना सोडून. त्यातल्या एकाचं उत्तर माझ्या पहिल्या निरोपानंतर अकरा महिन्यांनी आलं: "माफ कर, आत्ता पाहिलं. अजून शोधते आहेस का?" तोवर मी त्याच्याच कंपनीत, दोन मजले खाली बसत होते. मी लिहिलं, "नाही, लागले. पण तुमची टीम रात्रीच्या बिघाडांची पाळी कशी लावते ते समजून घ्यायचंय. पंधरा मिनिटं मिळतील?"